दाताखाली पारखलेला पाक

पाकवाल्या मावशींचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गोळ्यांच्या कारखान्यात मी भट्टी सांभाळायचो आणि त्या कढई. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्या दाताखाली धरायच्या. चिकटला तर कच्चा, कट्‌कन मोडला तर तयार. पाक मोजायचा थर्मामीटर भिंतीवर टांगलेला होता, पण मावशींचा दात त्याच्याहून खरा.

एका पाळीत वीस वेळा, अशी सव्वीस वर्षं गेली. मग पुढचे दात एकेक करून किडले, काढावे लागले. मावशींना पुड्या बांधायला बसवलं. हात पुड्यांवर, नजर कढईवर.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं, "तोंडातले जंतू एकेकटे राहत नाहीत. काही दाताला चिकटतात, बाकीचे त्यांच्यावर थर रचतात. साखर मिळाली की आम्ल तयार करतात, त्यानं दात झिजतो. लाळ ती झीज भरून काढते, पण तिला उसंत हवी."

"म्हणजे बिनसुट्टीचा कारखाना मीच चालवत होते की!" मावशी हसल्या, तोंडावर हात ठेवून.

दोन वर्षं पुड्या बांधून त्यांनी कवळीचे पैसे जमवले. कवळी बसली त्याच दिवशी कढईपाशी आल्या आणि थेंब चावला. तो मोडला.

"झाला का?" मी विचारलं.

त्यांनी आणखी एक चावला. "मोडतोय रे. पण किती कडक झालाय, ते या नकली दातांना कळतच नाही."

दोन वर्षांच्या मजुरीतून मावशींना नीट जेवता येऊ लागलं, तेवढंच.