महाप्रसादाच्या आकृतीत वर कोण?

पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी आमच्या गावच्या जत्रेतला महाप्रसाद निवडला. अख्ख्या गावाला पुरेल एवढी खपली गव्हाची खीर, भात आणि आमटी एका दिवसात शिजते आणि पंगतीला वेळेवर वाढली जाते, याचं मला फार अप्रूप होतं. मॅडमच्या अटी दोन. सगळं काम एका आकृतीत दाखवायचं आणि ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना सादरीकरणाला बोलवायचं. आकृती बघून वर्गाला काम कळलं नाही, तर प्रकल्प पुढच्या वर्षी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मला आणखी एक वर्ष कोल्हापुरात ठेवणं घरच्यांना जमलं नसतं.

पुस्तकात बघून मी झाडासारखी आकृती काढली. वर जत्रा कमिटीचे अध्यक्ष, त्यांच्या खाली रेघ, रेघेच्या टोकाला चुलवणाचे, म्हणजे मोठ्या चुलींवरच्या स्वयंपाकाचे प्रमुख: माझे थोरले चुलते. रविवारी गावी जाऊन दोघांना मोबाइलवर दाखवली. चुलत्यांनी मोबाइल आधी लांब धरला, मग जवळ धरला.

"मी ह्येच्या खाली व्हय?"

"आबा, ते नुसतं चित्रात हाय."

"चित्रात का असंना, खालीच की!"

अध्यक्ष मिशीत हसले. "पोरगी कॉलेजात शिकत्या. बरोबरच काढलं असंल."

"मग ह्या साली खीर तूच ढवळ!" चुलते त्यांच्यावर उखडले.

खीरच धोक्यात आल्यावर मी झाड तिथंच पाडलं आणि गोल काढला. गोलात सगळे सारखे, अशी माझी समजूत.

"घड्याळात बाराच्या जागी कोण बसलंय?" आता अध्यक्षांनी विचारलं. तिथं चुलते होते. मी गोल फिरवून दोघांना तीनच्या आणि नऊच्या जागी बसवलं, तर बाराच्या जागी मांडववाला गेला. त्यावर मात्र दोघांची एकी झाली. "मांडववाला वर? त्यो तर भाड्यानं येतोय!"

सोमवारी मॅडमना हे सांगितलं. त्या हसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तुला मान दाखवायचाय की काम?"

"काम."

"मग काम कशानं पुढं सरकतं?"

"येळेनं," मी गावच्या बोलीत बोलून गेले.

"मग वेळ दाखव."

त्या तीन शब्दांसाठी मी मॅडमची आजही ऋणी आहे. हॉस्टेलवर येऊन मी आडव्या पट्ट्या काढायला घेतल्या. डावीकडून उजवीकडं दिवस, एका कामाला एक पट्टी, जे आधी सुरू होतं ते वर. पण आधी काय सुरू होतं? घरी फोन लावला. आईनं उचलला.

"कमिटीनं गहू धाडला की सडायला घेतोय, तवापासनं की. आम्ही बायका आठवडाभर आधी देवळामागं उखळ-मुसळ घिऊन बसतोय."

झाडात आणि गोलात मिळून माझ्याकडं बायकांचा एकही चौकोन नव्हता.

"तुमचं काम घालू?"

"घाल की. सडायच्या आधी गव्हाला पाणी लावतोय, ते बी लिव्ह."

शुक्रवारी अध्यक्ष, चुलते आणि आई असे तिघंही आले. पडद्यावर सगळ्यात वर गव्हाला पाणी लावून सडणे, त्याखाली मांडव, मग चुलवण, मग पंगती. तळाला बोटाच्या पेराएवढी पट्टी: अध्यक्षांचं आभाराचं भाषण. वर्ग हसला.

चुलत्यांनी अध्यक्षांना कोपर मारलं. "बघ, कुठं गेलास!"

अध्यक्षांनी पडदा नीट निरखला. "जाऊ दे की. माझ्याबिगर जत्रा संपत न्हाय, एवढं तर दिसतंय."

मॅडमनी वर्गाला विचारलं, "गहू सडायला दोन दिवस उशीर झाला तर?"

"चुलवण अडलं, पंगत अडली," मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. "भाषण पण अडलं!"

"म्हणजे कळलं. प्रकल्प पास," मॅडम म्हणाल्या. "बस खाली."

मी बसले, पण आई उठली. भर वर्गात ती त्या दोघांकडं वळली.

"ऐकलासा न्हवं? मग ह्या साली तरी गहू येळेवर पाठवा."