राजारामचा उजवा पाय

राजाराम मेश्रामला स्वस्थ बसता येत नाही, हे अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या बहुतेक मराठी घरांना ठाऊक होतं. कुणी जेवायला बोलावलं, तर हा पानावरून दोनदा उठून गाडी नीट लावलीय का बघून यायचा. नोकरीही स्वभावाला साजेशी मिळाली होती: मोटारींच्या ब्रेकची चाचणी घेण्याची. कोणत्या वेगाला, किती ओल्या रस्त्यावर गाडी किती फुटांत थांबते, ते त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. अशा माणसाची सोळा वर्षांची मुलगी हर्षिता गाडी शिकू लागली. मिशिगनचा नियम असा, की लायसन असलेल्या मोठ्या माणसानं शेजारी बसून पन्नास तास सराव करून घ्यायचा. पन्नास तास! राजारामला पन्नास सेकंद जड जात होते.

भानगड त्या शेजारच्या सीटमध्येच होती. नागपुरात तो चुलत्याची जीप चालवायला शिकला, तेव्हा चालक उजवीकडे बसे आणि गिअर डाव्या हाताखाली असे. अमेरिकेत चालक डावीकडे. म्हणजे शिकवणारा बसणार नेमका नागपूरच्या चालकाच्या जागी. अठरा वर्षं इथे गाडी चालवूनही राजाराम त्या उजव्या सीटवर टेकला, की त्याचं अंग जीपमध्ये जाऊन बसायचं. उजवा पाय मॅटवर ब्रेक शोधायचा आणि डावा हात उगाच वळवळायचा.

एरवी त्या सीटवर बसायची वेळच येत नसे, कारण घरात दुसरं कुणी गाडी चालवत नव्हतं. राधा, त्याची बायको, एकेकाळी चालवायची. म्हणजे चार रविवार. नऊ वर्षांपूर्वी तिनं हौसेनं लायसन काढलं. चौथ्या रविवारी एका सिग्नलला राजाराम असा काही ओरडला, की बाजूच्या गाडीतल्या बाईनं काच खाली करून "आर यू ओके, हनी?" असं राधाला विचारलं. घरी येऊन राधानं आपली किल्ली दाराजवळच्या हुकाला अडकवली, ती आजतागायत तिथेच होती. तेव्हापासून भाजी, दवाखाना, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या नाटुकल्याची तालीम, सगळीकडे राजारामच तिला न्यायचा. लायसन तेवढं वेळच्या वेळी नवं होई, ओळखपत्र म्हणून. "तिला आवडतच नाही ड्रायव्हिंग," असं राजाराम लोकांना सांगे, आणि राधा शेजारी बसून पोळी मोडत राही.

मार्चच्या एका रविवारी हर्षिता पहिल्यांदा हायवेला लागणार होती. चढाच्या रॅम्पवर तिचा वेग वाढेना. मागे मोठा ट्रक, पुढे भरधाव गाड्यांची रांग.

"अगं, काय करून राहिली तू? जोर लाव! जोर लाव!"

"बाबा, आय ॲम ट्राइंग!"

चढावर गाडी रेंगाळली तर जीपवाला काय करतो? गिअर उतरवतो. राजारामच्या डाव्या हातानं, त्याला न विचारता, दांडा पकडून पुढे ढकलला. जीप असती तर चौथ्यावरून तिसरा पडला असता. ही ऑटोमॅटिक. ती न्यूट्रलला गेली. इंजिन किंचाळलं आणि गाडी ओढायची थांबली. ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला.

हर्षितानं एकदा दांड्याकडे पाहिलं. मग दिवे लुकलुकते केले आणि उरलेल्या वेगावर गाडी कडेला घेऊन थांबवली. सगळं बरोबर केलं पोरीनं.

"डिड यू जस्ट टच द गिअर?"

ज्या माणसाच्या सहीवर हजारो गाड्यांचे ब्रेक पास होतात, त्यानं स्वतःच्या लेकीला ट्रकपुढे घातलं होतं.

"आय ॲम डन, बाबा. तू चालव."

घरी आल्यावर तिनं आपली किल्ली हुकाला अडकवली. आईच्या किल्लीशेजारीच.

पुढचे सहा दिवस राजाराम घरात नुसता येरझारा घालत होता. दाराशी आला की नजर हुकाकडे जाई. एक किल्ली लटकली तेव्हा बाईमाणसाची नावड म्हणून खपवता आली. दोन किल्ल्यांना काय नाव द्यायचं? पोरगी उद्या कॉलेजला जाईल आणि तिथेही कुणीतरी न्यायची वाट बघत बसेल, राधासारखी. ही कल्पना त्याला चावत होती.

शनिवारी राधा भांडी पुसत असताना तो ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

"उद्या तू बस तिच्या शेजारी. लायसन आहे तुझ्याकडे."

"मला कुठे येतं?"

"येत होतं तुला. मीच घालवलं." एवढं बोलायला त्याला नऊ वर्षं लागली होती. "चुकलं माझं, राधा."

हातातली पुसलेली थाळी राधानं पुन्हा पुसली.

दुसऱ्या दिवशी राजाराम मागच्या सीटवर, हात मांडीखाली दाबून बसला. शाळेच्या रिकाम्या पार्किंगपर्यंत हर्षितानं गाडी सुरेख आणली. राधा मध्येच "छान" म्हणायची, बाकी गप्प. पार्किंगमध्ये हर्षिता खाली उतरली.

"आई, युअर टर्न."

राजारामनं तोंड उघडलं, मिटलं, आणि स्वतःच दार उघडून खाली उतरला. दिव्याच्या खांबाशी जाऊन उभा राहिला.

हर्षिता शेजारी बसली आणि राधानं एक फेरी मारली. अडखळत, पण मारली. दुसऱ्या फेरीला ती त्याच्यापाशी थांबेल असं त्याला वाटलं. थांबली नाही. गाडी फाटकाकडे वळली आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पलीकडून हर्षिता हसत होती.

"बाबा, वी आर गोइंग फॉर अ ड्राइव्ह. आई म्हणते, तू चालत ये."

फाटकाबाहेर थांबायची पांढरी रेघ होती. डावीकडून एक व्हॅन येत होती. राजारामचा उजवा पाय डांबरावर करकचून दाबला गेला.

गाडी रेघेवर थांबली. व्हॅन गेली. मग राधानं उजवीकडे वळायचा दिवा लावला आणि ती रस्त्याला लागली.