पेरूवाला खोटं बोलला का?

लिमयेबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायण पेठेतल्या माझ्या क्लासमध्ये दहावीच्या मुलांना इंग्रजीतले अलंकार शिकवत होतो. फोन त्यांच्या भाचीचा, वृंदाचा होता. "मोहनदादा, मावशी गेली सकाळी," एवढंच ती म्हणाली. मी "येतो" म्हटलं, फोन ठेवला आणि फळ्याकडे वळून उरलेली चार वाक्यं पुरी केली. दुसऱ्या दिवशी मुलांची चाचणी होती ना... याला आता दीड महिना झाला, तरी ती चार वाक्यं माझ्या घशाखाली उतरत नाहीत. आजारापूर्वीच्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "बरं केलंस, मी काही कुठे पळून जात नव्हते."

बाई सदाशिव पेठेतल्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. शनिवारची सकाळची शाळा सुटली की त्या आम्हा आठवीच्या मुलांना वही-पेन्सिल देऊन मंडईत पिटाळायच्या. कोण काय विकतंय ते नाही, कोण काय बोलतंय ते जसंच्या तसं उतरवून आणायचं. दहा वाक्यं. पेरूवाला ओरडायचा, "साखर हाय, साखर." भाजीवाली म्हणायची, "मेथी आत्ता झोपेतनं उठून आलीया, बघा तरी तिच्याकडं." सोमवारी बाई वर्गात विचारायच्या, "पेरूवाला खोटं बोलला का?" आम्ही म्हणायचो, नाही. "मग पेरूला साखर का म्हणाला?" यावर तासभर वाद चालायचा. तो मिटला की मग कुठे फळ्यावर इंग्रजी वाक्य यायचं, आणि मेटाफर हा शब्द अगदी शेवटी, घंटा व्हायच्या बेताला. पालक वैतागायचे. माझे वडील तर शाळेत जाऊन म्हणाले होते, "मुलाला इंग्रजी शिकायला पाठवतो, भाजी आणायला नव्हे." बाई म्हणाल्या, "भाजी त्याला आणता येत नाही, हे माझ्याही लक्षात आलंय."

पेपर तपासतानाही तोच छळ. अलंकार बरोबर ओळखला तरी खाली लाल शाईत लिहायच्या, 'म्हणजे काय?' आणि अर्धा मार्क राखून ठेवायच्या. ओळखलंस, पण कळलं का, असं त्यांना विचारायचं असे. बाईंच्या हातून मला दहापैकी दहा कधीच मिळाले नाहीत. तेव्हा राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो, फक्त आता तो कुणावर काढावा ते समजत नाही.

पुढे मी स्वतःचा क्लास काढला आणि एक तक्ता केला. वाक्यात 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की सिमिली. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की पर्सॉनिफिकेशन. लागोपाठचे शब्द एकाच आवाजाने सुरू झाले की ॲलिटरेशन. समोर स्पष्टीकरणाचं ठरीव वाक्य. गाळलेल्या जागेत शब्द भरा आणि मार्क घ्या. मुलं अर्ध्या तासात तयार व्हायची आणि जूनमध्ये पेढ्यांचे पुडे यायचे. मोठ्या उत्साहाने मी तो तक्ता बाईंना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. "छान झालाय," म्हणाल्या, "आता मुलांना कशाला त्रास देतोस? तक्त्यालाच परीक्षेला बसव." त्या वाक्यावर मी दोन वर्षं त्यांच्या घराची पायरी चढलो नाही. तक्ता मात्र भिंतीवरून काढला नाही. पालकांना तोच हवा होता, आणि मलाही.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी बाईंना अर्धांगाचा झटका आला. डावा हात लुळा पडला, बोलणं मात्र स्वच्छ राहिलं. घरी आणल्यावर माणसांची रीघ लागली. समोरचे काका घाम पुसत आत आले आणि म्हणाले, "अहो बाई, बाहेर डोक्यावर नुसते निखारे पडताहेत." बाईंनी त्यांच्या डोक्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "दिसत नाहीत." हसून हसून आमची पुरेवाट झाली. मी म्हटलं, "परीक्षा जवळ आल्या, मान वर करायला वेळ नाही." त्या म्हणाल्या, "वरच तर आहे तुझी मान." पुन्हा हशा. ही वाक्यं आम्ही पेठेत घरोघर सांगत सुटलो. बाई होत्या तशाच आहेत, जिभेला काही झालेलं नाही... दुसऱ्या एखाद्या गावात कुणीतरी घाबरलं असतं. आमच्याकडे असं बोलण्याला हुशारी म्हणतात.

तीन महिने गेले. एका दुपारी वृंदाने पेरू कापून आणला. मी एक फोड तोंडात टाकली आणि मुद्दाम, मंडईतला हेल काढून म्हटलं, "बाई, साखर हाय, साखर." त्यांनी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा पेरू आहे, मोहन." मी हसलो आणि त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात नेहमीचं ते बारीक हसू यायची वाट पाहत राहिलो. ते आलं नाही. "खोटं का बोलतोस?" त्यांनी विचारलं. त्या खरंच विचारत होत्या.

डॉक्टरांनी दहा मिनिटं प्रश्न विचारले आणि सांगितलं, की मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की असं होऊ शकतं. सरळ बोललेलं कळतं, आडून बोललेलं कळत नाही. "सराव लगेच सुरू व्हायला हवा होता. इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही?" वृंदा माझ्याकडे बघत होती. मी आयरनी ओळखायला शिकवून पोट भरणारा माणूस.

सराव म्हणून मी काय नेलं असेल? दुसरं काही मला येतच नव्हतं. तक्ता नेला. बाई शहाण्या विद्यार्थिनीसारख्या बसल्या. वाक्यावर उजव्या हाताचं बोट फिरवायच्या, 'लाइक' सापडलं की सिमिली लिहायच्या. महिन्याभरात दहा वाक्यांची चाचणी घेतली, दहाही बरोबर आली. त्यात एक वाक्य होतं, 'ही फॉट लाइक अ लायन', तो सिंहासारखा लढला. मी विचारलं, "बाई, म्हणजे काय?" त्यांनी बोट पुन्हा 'लाइक'वर ठेवलं. मग थोड्या चिडून म्हणाल्या, "पण उत्तर बरोबर आहे ना?" गेली वीस वर्षं माझी मुलं मला हेच वाक्य ऐकवताहेत, आणि मी त्यांना शाबासकी देत आलोय. त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरा झटका आला आणि बाई गेल्या.

दिवस झाल्यावर वृंदाने तो कागद माझ्या हातात ठेवला. दहा बरोबरच्या खुणा, वर माझ्याच अक्षरात दहापैकी दहा. तो आता क्लासमधल्या खणात आहे. भिंतीवर तक्ताही आहे. मार्चमध्ये पेपर आहे, आणि काढतो म्हटलं तर पालक मुलांना काढतील. मुलं गेली की मी खण उघडतो, लाल पेन हातात घेतो. खाली दोन शब्द लिहायचे आणि अर्धा मार्क कापायचा, एवढंच काम आहे... पण अजून माझ्याच्याने तो कापला गेलेला नाही.