वाटीचं निमित्त

शेजारची रेखा दुपारी जेवून अंगणातल्या अंगणात चालत होती. आठव्या महिन्यात तिच्या रक्तात साखर निघाली आहे. बाळासाठी जेवणानंतर चालायलाच हवं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. पण गल्लीत निघायची तिला लाज वाटते.

सुमनच्या वेळी मलाही अशीच उशिरा साखर निघाली होती. पोट घेऊन उगाच हिंडायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यात शेजारणी डोहाळे म्हणून खीर, शिरा आणून देत. सासूबाई ते घरच्यांना वाढत, स्वतः मात्र जिभेवर ठेवत नसत. माझं जेवण झालं की वाटी घासून त्यात चार हिरव्या मिरच्या घालत.

"जा, देऊन ये. रिकामी वाटी परत करू नये. आणि लांबच्या वाटेनं जा."

"आई, गोडाच्या बदल्यात तिखट?"

"मग काय! गोड आणायच्या थांबतील तरी."

कुणी थांबलं नाही. माझं चालणं होत राहिलं. सुमन सुखरूप झाली, तेव्हा सासूबाईंनी गल्लीभर साखर वाटली आणि मगच एक चिमूट स्वतःच्या तोंडात टाकली.

आता त्या नाहीत. मी उठून वाटीत चार मिरच्या घातल्या आणि रेखाला हाक मारली. "कोपऱ्यावरच्या काकूंची वाटी राहिलीय गं. देऊन येतेस? लांबच्या वाटेनं जा."

ती लगेच निघाली.

वाटी माझीच होती. उद्या ती परत आणायलाही तिलाच पाठवीन.