निम्म्या मातीवर थांबलेलं गाणं

एस्तेर, जवळ ये जरा. तोंड पाडू नकोस, आत्या रागावणारच. काल मार्थाबाईंना पुरलं आणि तुमच्या गायक मंडळीने दोन कडवी म्हणून माईक बंद केला. अजून निम्मी माती पडायची होती! मग नुसता फावड्यांचा आवाज. तसा तो रोजच ऐकतो आपण, कुठे खड्डा बुजवतात, कुठे बांध घालतात. काल मात्र मला तो सोसवेना.

मार्थाबाईला वाचता येत नव्हतं, पण सगळी गीतं पाठ. ज्या दारुड्याच्या मयतीला चर्चच्या पाळकांनाही घाई झाली होती, तिथे ही एकटी गात राहिली. म्हणायची, "माती सारखी होईपर्यंत माणूस आपल्याकडे असतो, मग देवाकडे. मध्येच कसं सोडायचं?"

आणि तुम्ही म्हणता, "आत्या, ऊन फार होतं." ऊन! संध्याकाळी शोकसभेत तिच्या आवाजावर भाषणं ठोकलीत, फोटोला शाल पांघरलीत. ढोंगी कुठले!

तुम्ही थांबलात तेव्हा पुढचं कडवं मी सुरू केलं होतं गं, पण दम्याने दुसऱ्याच ओळीला घसा धरला.

कालच्या त्या गीताची सातही कडवी मला येतात. रविवारी उपासना झाली की घरी ये, पोरी. माझी वेळ यायच्या आत शिकून घे.