कडेचं प्यादं

माझे सासरे शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर राहुरीच्या घरी त्यांनी दोनच गोष्टी मनापासून केल्या. एक, माझ्याशी बुद्धिबळ खेळणं आणि दुसरी, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलणं. नाताळ होऊ दे, इस्टर होऊ दे, ऊन उतरू दे. सगळी कारणं संपली की हुकमी कारण होतंच, "अजून पिकला न्हाई." दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करा, एकेक करून, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. चर्चमध्ये पप्पा गाण्यांचं पुस्तक उलटं धरून अख्खं गीत खणखणीत म्हणायचे. सगळं पाठ. शेजारी मी बसायचे, म्हणून मला तेवढं माहीत.

त्यांचा खेळही तसाच होता. घोडे, उंट, वजीर घरात आरामात बसलेले आणि हे आपले कडेची प्यादी एकेक घर सरकवतायत. घाई करा म्हटलं की म्हणायचे, "आधी कुंपण नीट करू दे." मी मोबाईलवर खेळ शिकलेली, पण सुनेनं खेळावं तशी बेतानं खेळायचे. डाव लांबायचा, मी कंटाळायचे आणि हरायचे. एका दुपारी मला त्या कुंपणाचा संताप आला.

"पप्पा, आज मी जिंकले तर ऑपरेशन. तुम्ही जिंकलात तर वर्षभर विषय काढणार नाही."

वर्षभराची सुटका! त्यांनी लगेच पट मांडला.

मी प्यादं पुढे केलं आणि पाठोपाठ घोडा, उंट, दुसरा घोडा असे धडाधड बाहेर काढले. त्यांचा एक उंट तेवढा बाहेर आला, माझ्या घोड्याला वजिरापुढे जखडायला. मग लाडकी चाल, कडेचं प्यादं एक घर.

मी जखडलेला घोडा उचलला आणि मधलं प्यादं मारलं. मागे वजीर उघडा पडला.

"वजीर चालला की गं तुझा!"

"अगं बाई," म्हणत मी तोंडावर हात ठेवला. इतका बरा अभिनय मी लग्नात रडतानाही केला नव्हता. त्यांनी वजीर उचलला. मी उंटानं शह दिला, त्यांचा राजा एक घर पुढे आला, मी दुसरा घोडा मध्ये आणला. मात. राजाला पळायला जागा नव्हती, कारण मागे त्याचाच वजीर आणि त्याचाच उंट अजून आळस देत बसले होते.

पप्पांनी आपला राजा पटावर आडवा केला. मग हळूच म्हणाले, "शेवगावला माझ्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशनात गेला हुता. मला लई भीती वाटती." मला गलबलून आलं. तारीख मात्र मी त्याच संध्याकाळी घेतली.

ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाल्यावर मास्तर घरभर फिरून तपासणी करू लागले. "ही भिंत पांढरी हाय व्हय? मी पिवळी समजत हुतो." मग माझ्याकडे वळून, "तुझे केस पिकलेत की गं." एवढं सगळं दिसलं, पण दुसऱ्या डोळ्याचं नाव काढलं की पुन्हा तेच, "अजून पिकला न्हाई."

मी पुन्हा पट मांडला. अट तीच. चालीही त्याच, अगदी त्यांचा उंट माझ्या घोड्याला जखडेपर्यंत. आता मात्र ते सावध होतील, अशी मला धास्ती होती. नव्या डोळ्यानं त्यांनी माझा घोडा पाहिला, वजीर पाहिला, मग मला पाहिलं. आणि कडेचं प्यादं एक घर सरकवलं.

"पप्पा, नीट दिसतंय ना?"

"सगळं दिसतंय. तू खेळ."

मी घोडा उचलून प्यादं मारलं. त्यांनी माझा वजीर उचलून शेजारी ठेवला आणि मी शह द्यायच्या आधीच पप्पांनी विचारलं, "तारीख कधीची घेतीस?"