पेढे वाटून झाल्यावर कळलं (जुनी पोस्ट, २०१९)

मंडळी, आज थोडक्यात वाचलो!

आमच्या सोळा वर्षांच्या नीलला इथल्या, कॅनडातल्या मोठ्या ज्युनिअर लीगच्या आइस हॉकी टीमने बोलावलंय. ह्यांनी लगेच सगळ्यांना पेढे वाटले. वर्षभर खेळू दे, नाही जमलं तर अमेरिकेत कॉलेज हॉकी आहेच, असं आमचं गणित.

आज रिंकवर नीलच्या आत्ताच्या टीमच्या गोलकीपरच्या आईने, लिंडाने सांगितलं, त्या लीगमध्ये एक मॅच जरी खेळला, तरी अमेरिकन कॉलेजची टीम त्याला घेणार नाही; तिथे मुलांना पैसे मिळतात, म्हणून कॉलेजवाले त्यांना प्रोफेशनल धरतात.

गाडीत नीलला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"येस, आई. आय वॉन्ट कॉलेज. बट बाबा हॅड ऑलरेडी गिव्हन एव्हरीवन पेढे."

लिंडाचे आभार मानावे तेवढे थोडे. टीमला उद्या 'नाही' म्हणून कळवतोय.

तुमच्याकडे आधी काय होतं हो, पेढे वाटणं की मुलाला विचारणं?